कॉलबुक

मिरज जंक्शनला एकतीस वर्षं
मी माणसं उठवली.
गाडी कधी चालवली नाही,
झेंडीसुद्धा धरली नाही हातात.
एक सायकल, एक बॅटरी,
आणि लाल पुठ्ठ्याचं कॉलबुक:
नाव, गाडी नंबर, हाक मारल्याची वेळ, सही.

तेव्हा मिरजेत तीन मापांचे रूळ होते.
झोपा सगळ्यांच्या एकाच मापाच्या, आखूड.

कुणाचं दार कसं वाजवायचं
हे काही वहीत लिहिलेलं नव्हतं.
पायगोंडा ड्रायव्हरला नुसती कडी पुरायची.
सॅम्युएल आवळे आधीच पायरीवर,
बूट घालून, बिडी विझवून.
हत्तीकरांच्या खिडकीला मात्र खडा लागायचा,
मग आतून त्यांची बायको,
"उठल्यात हो, पाणी तापलंय,"
आणि चुलीचा धूर नसायचाच कुठं.

परवा जास्मिननं, थोरल्या लेकीच्या लेकीनं,
फोनवर गाडी दाखवली,
तिच्या शहरातली, खांबांवरून जाणारी मेट्रो.
पुढं नुसती काच. केबिन नाही.
काचेला नाक लावून एक शाळकरी पोरगं,
आणि रूळ आपले येतायत, येतायत,
वळण येतंय, तरी शिट्टी नाही.
"नाना, हिला ड्रायव्हरच नाही."

शेजारचे मगदूम बघायला आले होते,
चाळीस वर्षं इंजिनात काढलेला माणूस.
बोलले नाहीत.
त्यांचा डावा हात मांडीवर
दर वळणाला काहीतरी दाबत होता.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हैस आली आडवी तर?"
"खांबावर म्हैस कशी येईल, काका?"
"तरी पण," मगदूम म्हणाले.

मला दुसरंच पडलं होतं.
"हिला उठवतं कोण?"

"मीच की. चार पंचवीसला.
डेपोत एकवीस गाड्या असतात झोपलेल्या,
पडद्यावर करड्या दिसतात.
बटण दाबलं की एकेक हिरवी होते.
दिवे लावते, दारं उघडून मिटून बघते,
ब्रेक बघते, निघते."
"एखादी उठलीच नाही तर?"
"तिला राहू द्यायचं. दुसरी घ्यायची."
"का उठली नाही, विचारत नाही?"
"ते तीच लिहून देते, नाना."

लिहून देते.

एका रात्री हत्तीकरांचं दार उघडंच होतं.
आत दिवा, मांडीवर पोरगी,
अंग असं तापलेलं की दारात झळ लागावी.
त्यांनी वहीसाठी हात पुढं केला.
पेनही घेतलं.
मी वही ओढून घेतली आणि लिहिलं,
घरी नाही. दोन वाजून दहा.
मालगाडी सत्तेचाळीस मिनिटं उभी राहिली,
मी साहेबापुढं त्याहून जास्त.
माझ्या वह्यांत तेवढं एकच खोटं आहे.
दोन असतील.

"आणि तुला कोण उठवतं गं?"
"मोबाईल," ती म्हणाली,
तिकडं कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

तेव्हापासून पावणेतीनला
मी तिला मिस्ड कॉल देतो.
एकच रिंग, पायगोंड्याच्या कडीएवढी.
सुट्टी असली की ती आदल्या दिवशी सांगते,
तरी मला जाग येतेच.

ती पलीकडून अंगठा पाठवते. पिवळा.
आमच्या वहीतही असायचे अंगठे,
दौलू खलाशाचा तर पानभर पसरायचा,
शाईत रेषा मोजता याव्यात असा.
ह्याला रेषा नाहीत.
पण खाली बारीक अक्षरात वेळ येते.
चष्मा लावून बघतो.
दोन शेहेचाळीस.

एक मिनिट लेट.